गंधरसाचा डबा आणि माझी मिशी

सन दोन हजार तीन. माझं वय बासष्ट. त्या साली मी येशू ख्रिस्ताला भेट द्यायला साफ नाही म्हटलं, भरल्या चर्चात, डोक्यावर राजाचा मुकुट घालून.

आता मी चौथी शिकलेला माणूस. (चौथीत बसलेला म्हणा. पास झालो की नाही ते गुरुजींनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.) ख्रिस्ती लोकांशी माझं काही वैर नव्हतं. त्यांच्यातला एक माझा जावई निघाला, तेवढंच.

आमचं गाव सानगडीच्या अलीकडे, तळ्याच्या पाळीखाली. शेती म्हणजे चार बांध्या धान. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईत दंडार होते. दंडार म्हणजे आमचं गावाकडचं नाटक. त्या दंडारीत राजा मीच. प्रधान बदलले, सेनापती मुंबईला कामाला गेले, राण्यांना (म्हणजे लुगडं नेसलेल्या पोट्ट्यांना) नातवंडं झाली, पण राजा मीच. कारण माझा आवाज नाही. आवाज पुष्कळांना असतो. कारण माझी मिशी! दुसरे लोक काळ्या रंगानं काढत होते, आणि तिसऱ्या प्रवेशात घामानं त्यांच्या मिशा हनुवटीपर्यंत उतरत होत्या. माझी खरी होती. तेल पिऊन वाढलेली. त्या मिशीपायी सारं सानगडी मला महाराज म्हणत असे. बायको गिरजा सोडून. ती मला 'अवो' म्हणते, आणि तो 'अवो' कोणत्या सुरात निघाला त्यावरून त्या दिवशी मी घरात कोण आहे ते ठरते.

भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, तेव्हा मी एक शब्द बोललो नाही. पण त्यानंतर माझं घर फुटलं, तेव्हा मात्र साऱ्या बाजाराला ऐकू गेलं. माझी मुलगी सुनंदा भंडाऱ्याला नर्स. तिनं भंडाऱ्याजवळच्या शहापूरचा प्रकाश पसंत केला. पोरगा मोटारी दुरुस्त करणारा, निर्व्यसनी, बोलायला गोड. सारं बरोबर. पण ख्रिस्ती. मी नाही म्हटलं. तिनं लग्न केलं. (पोरगी भयंकर हट्टी आहे. कोणावर गेली, मला समजत नाही.)

लग्नानंतरच्या बाजाराच्या दिवशी मी सानगडीला भाऊरावच्या चहाटपरीवर उभा राहिलो आणि दंडारीच्या आवाजात सांगितलं, की त्या घराचा उंबरठा मी ओलांडला तर ही मिशी उतरवून टाकीन. भाऊरावची गाळणी हातात तशीच राहिली. कारण आमच्याकडे मिशी उतरते ती बाप मेल्यावर. जिवंतपणी, धडधाकट माणसानं मिशीवर शपथ घ्यायची म्हणजे लहान गोष्ट नाही. घरी आलो तर गिरजा म्हणाली, "अवो, मिशी गेली तं तोंड कोठी लपवान?" मी तिला उत्तर दिलं नाही. राजे लोक बायकांच्या प्रश्नांना उत्तर देत नसतात. शिवाय उत्तर नव्हतं.

मग सुनंदाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी होते, ही रीत. तिनं निरोप धाडला की बाबा न्यायला आले तर येते. आता न्यायला जायचं म्हणजे उंबरठा आला! मी गेलो नाही. बाळंतपण सासरी झालं. गिरजा जाऊन राहून आली आणि आल्यावर माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मी बैलांना तणीस टाकता टाकता बैलांनाच म्हटलं, की असेल आपल्या बापासारखा.

"नाक तुमचं हाय," गिरजा पाठीमागून बोलली. "अन् रडणं बी तुमचंच. एकडाव सुरू झालं का थांबतच नाही."

त्या दिवशी मी बैलांना दोनदा तणीस टाकलं. बैलही चकित झाले.

रात्री जेवताना तिनं पुढचं सांगितलं. सुनंदाचं म्हणणं होतं की पोरगं एकदा बाबांच्या मांडीवर बसलं पाहिजे, त्याशिवाय ती माहेरी पाय टाकणार नाही. म्हणजे इकडे माझा उंबरठा, तिकडे तिचा उंबरठा, आणि मधे शहापूर ते सानगडी एवढा रस्ता. नातवाचं नाक मी कधी पाहणार होतो? बहुतेक त्याच्या लग्नात.

नाताळ झाला आणि नवं साल लागलं. एक दिवस माझे व्याही योहानभाऊ आमच्या दारात उभे! ते एस.टी.त कंडक्टर होते, आता निवृत्त. त्यांनी कशावर शपथ घेतली नव्हती (मिशीच नव्हती त्यांना), म्हणून ते सरळ आत आले, खाटेवर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "महाराज, एका राजाची जागा खाली हाय."

मला वाटलं थट्टा करून राहिले. पण गोष्ट खरी होती. त्यांच्या चर्चात दरवर्षी एक लहान नाटक होत असे. येशूचा जन्म झाला, आकाशात तारा दिसला, त्या ताऱ्याच्या मागे मागे पूर्वेकडून मोठे लोक चालत आले आणि त्यांनी बाळापुढे भेटी ठेवल्या, एवढी गोष्ट. त्यातला तिसरा राजा पोराकडे नागपूरला राहायला गेला होता.

"बाळ कोण आहे?" मी विचारलं.

"यंदा आपला नातूच. आई म्हणून सुनंदा बसते. प्रकाश बाप."

मी मिशीवर हात ठेवला. "मी तुमच्या घरी येत नसतो."

"घरी कोण बोलावून राहिलं? चर्चात या. चर्च देवाचं घर. त्याचा उंबरठा तुमच्या शपथीत होता का?"

मी आठवून पाहिलं. नव्हता. स्वयंपाकघरातून गिरजाचा आवाज आला, "नव्हता." (तिला कोणी विचारलं होतं?)

तरी मी एक गाठ मारून पाहिली. म्हटलं, मी तुमच्या धर्माचा नाही, तुमच्या देवापुढे परका राजा चालते का? योहानभाऊ हसले. "इतक्या दुरून त्याले नमन कराले आले ते परकेच होते जी. दुसऱ्या मुलखाचे, दुसऱ्या देवाधर्माचे. तिथले पंडित घरीच बसून होते. आम्हाले परकाच राजा पाहिजे."

आता एवढी मिनत कोणी करत असेल, तर कलावंतानं नाही म्हणू नये. मी ट्रंकेतून दंडारीचा मुकुट काढला.

शहापूरचं चर्च म्हणजे महामार्गापासून जरा आत, पत्र्याचं छप्पर आणि आत सतरंज्या. त्याला लागून योहानभाऊंचं घर. मधे एक जांभळीचं झाड आणि दोरीवर वाळत घातलेल्या लंगोट्या. माझ्या नातवाच्या! मी लगेच घराकडे पाठ केली आणि तालीम संपेपर्यंत पाठच ठेवली. गिरजा मात्र सरळ घरात गेली. जाताना उंबरठ्यावर जरा जास्तच जोरात पाय आपटला, असं मला वाटलं.

पाळकसाहेब म्हणजे त्यांचे धर्मगुरू. किडकिडीत, चष्मेवाले, शिकलेले. त्यांनी पहिल्याच वाक्यात माझं राज्य घेतलं. म्हणाले, शास्त्रात यांना राजे म्हटलेलं नाही. मागी लोक म्हटलं आहे, म्हणजे ज्ञानी, ताऱ्यांचे जाणकार. ते तीन होते असंही लिहिलेलं नाही, भेटी तीन म्हणून आपण माणसंही तीन धरतो.

"म्हंजे मी ज्योतिषी हाय?" मी मुकुट काढला. "मंग ही घ्या तुमची पंचांगं. मी चाललो."

योहानभाऊंनी माझा हात धरला आणि पाळकसाहेबांना डोळ्यानं खुणावलं. शेवटी ठरलं की शास्त्रात काहीही असो, शहापुरात राजाच. पण पुढे त्याहून मोठी अडचण होती. पाळकसाहेब म्हणाले, भेट ठेवताना गुडघे टेकायचे. मी सांगितलं, की एवढ्या वर्षांत माझ्या राजानं कोणापुढे गुडघे टेकले नाहीत. रावणापुढे नाही, यमापुढे नाही.

"तीच तर गोष्ट आहे," ते म्हणाले. "एवढी मोठी माणसं एका तान्ह्या लेकरापुढे वाकली."

"तुमचे वाकले असतीन."

शेवटी मान थोडी वाकवायची, यावर तडजोड झाली. आणि मग मला समजलं की तिसऱ्या राजाला वाक्यच नाही! नुसता डबा घेऊन यायचं. अहो, आमच्या दंडारीत राजा आला म्हणजे तो कोण, कुठला, त्याच्या हत्ती-घोड्यांची नावं काय, हे सांगेपर्यंत चहा थंड होऊन परत गरम होतो. मनात म्हटलं, वेळेवर पाहू.

डब्यात काय आहे म्हणून मी विचारलं. पाळकसाहेब म्हणाले, गंधरस. झाकण उघडलं तर तांबूस-काळे खडे, डिंकासारखे. वास कडवट. तो वास मला कुठं तरी आला होता, नक्की आला होता, पण कुठं ते आठवेना. विचारलं असतं तर कोणी सांगितलं असतं. पण राजानं किती विचारायचं?

दुपार कलली आणि नाटक सुरू झालं. सतरंज्या भरल्या. गिरजा पहिल्या रांगेत, जिथून तिचा 'अवो' मला नीट ऐकू येईल अशी. पुढं बांबूचा गोठा केलेला, गोठ्यात तणसानं भरलेली गव्हाण, जवळ एक खरी शेळी बांधलेली. गव्हाणीत माझा नातू. शेजारी निळं लुगडं डोक्यावर घेतलेली सुनंदा.

लग्नानंतर मी तिला पहिल्यांदा पाहत होतो. वाळली होती. मला पाहून तिनं मान खाली घातली. हसत होती की रडत, ते पदरामुळे दिसलं नाही.

तारा म्हणजे चमकीच्या कागदाचा, तारेवरून दोरीनं ओढायचा. तो गोठ्यावर जाऊन थांबायला पाहिजे होता. तो माझ्या मुकुटावर येऊन अडकला! मी तो शकुन समजलो आणि बोलायला लागलो. मी पूर्वेचा राजा आहे, माझ्या तबेल्यात इतके घोडे आहेत, माझ्या मिशीला पाहून वाघ वाट सोडतात, असं पुष्कळ. लोक टाळ्या वाजवत होते. पाळकसाहेब घड्याळ पाहत होते. शेळी माझ्या अंबाडीच्या दाढीकडे पाहत होती. (मिशी खरी असली तरी राजाला दाढी पाहिजे म्हणून त्यांनी ती डिंकानं चिकटवली होती.) घोड्यांवरून मी हत्तींवर येत होतो तेवढ्यात पाळकसाहेबांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

पहिले राजे योहानभाऊ पुढं झाले. पाळकसाहेब म्हणाले, "सोनं. कारण हा राजा आहे." मला पटलं. नाक माझं, तर राजा असणारच.

दुसरा राजा म्हणजे शेजारचा एक पोस्टमन. पाळकसाहेब म्हणाले, "ऊद. कारण हा देव आहे, आणि देवापुढे धूप जळतो." हेही पटलं. तान्हं लेकरू देवच असते.

मी डबा दोन्ही हातांत धरून निघालो. दंडारीची चाल, एक पाय टाकायचा, मुकुट हलवायचा, मग दुसरा.

"आणि गंधरस," पाळकसाहेब म्हणाले. "हा कडू असतो. हा प्रेताच्या अंगाला लावतात. कारण हा बाळ मरण्यासाठी जन्मला आहे."

माझा पाय हवेतच राहिला.

"काय म्हंता?" मी म्हटलं.

पाळकसाहेबांना वाटलं म्हाताऱ्याला ऐकू आलं नाही. त्यांनी तेच वाक्य पुन्हा, आणखी मोठ्यानं वाचलं. साऱ्या चर्चात घुमलं. मी गव्हाणीत पाहिलं. सवा महिन्याचं लेकरू. मुठी झाकलेल्या. माझं नाक. झोपेत तोंड चाळवून राहिलं होतं.

मी डबा काखेत मारला. "नाही देत."

"महाराज, ठेवा," योहानभाऊ हळूच म्हणाले.

"कोण्या घरात पाळण्यापुढं मढ्याचं सामान ठेवतेत? सोनं द्या, धूप द्या, माझा मुकुट घ्या. हे नाही."

लोकांना वाटलं हे नाटकातच आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या! पाळकसाहेब चष्मा पुसायला लागले. पोस्टमन राजा डबा घ्यायला पुढं आला. सरकारी माणूस, त्याला वाटलं आलेली वस्तू पत्त्यावर पोचली पाहिजे. त्यानं डबा ओढला, मी डबा ओढला, मागं सरलो, आणि शेळीला एवढा वेळ जे पाहिजे होतं ते मिळालं. अर्धी दाढी तिच्या तोंडात गेली. नातू जागा झाला आणि माझ्याच आवाजात रडायला लागला. पहिल्या रांगेतून 'अवो' आला. असा 'अवो' मी लग्न झाल्यापासून ऐकला नव्हता.

मी ठरवलं, हा डबा चुलीत घालायचा. म्हणजे किस्साच संपला. चर्चात चूल नव्हती. बाहेर पाहिलं तर जांभळीच्या पलीकडे धूर निघून राहिला होता. मी धावलो. लंगोट्यांच्या दोरीखालून जाताना एक लंगोटी मुकुटाला अडकली, ती घेऊनच धावलो. दार उघडं होतं. पुढची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर.

चुलीवर मंडळींच्या चहाचं मोठं गंज (म्हणजे पातेलं) होतं. शेजारी माझ्या विहीणबाई, रूथबाई, खाली बसून सहाणेवर काही तरी उगाळत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मुकुटाकडे पाहिलं, लंगोटीकडे पाहिलं. अर्धी दाढी तर समोरच होती. पण त्या जराही दचकल्या नाहीत.

"या जी. बसा," त्या म्हणाल्या. "चहा उकळूनच राहिला."

मी चुलीकडे हात नेला आणि थांबलो. तोच वास! डब्यातला कडवट वास साऱ्या स्वयंपाकघरात भरला होता.

"हे काय उगाळून राहिल्या?"

"बोळ. बाळंतिणीले देतेत ना जी. सुनंदासाठी. सवा महिना झाला, पण मी काही बंद केला नाही. अंग भरून येते त्यानं."

आणि मला आठवलं. सुनंदा जन्मली तेव्हा मला त्या खोलीत कोणी जाऊ देत नव्हतं. मी ओसरीवर बसून होतो. दाराच्या फटीतून हाच वास येत होता, आणि त्याच्या मागून तिचं रडणं. बाप झाल्याचा पहिला वास तो होता, अन् मी तो विसरून बसलो होतो.

मी डबा पुढं केला. "अन् हे?"

"तेच. यांनी नागपूरहून एकच पुडी आणली. अर्धी तुमच्या डब्यात गेली, अर्धी माझ्या सहाणेवर. पुस्तकात गंधरस म्हणतेत, आपण बोळ म्हणतो."

"पण तो तं मढ्याले लावतेत म्हंते तुमचा पाळक."

"मढ्याले बी लावत होते, बाळंतिणीले बी देतेत. दुखणं दोन्हीकडे हायच."

तेवढ्यात योहानभाऊ धापा टाकत आले. स्वतःचा मुकुट हातात. मला वाटलं आता भांडतील. ते चुलीजवळ खालीच बसले, दम घेतला आणि म्हणाले, "तुमचं काही चुकलं नाही, महाराज. कोणालेही वाटन. पण येशूच्या माऊलीचा विचार करा. पाळण्यातल्या लेकरापुढं कोणी त्याचं मरण आणून ठेवलं, अन् तिनं ते ठेवून घेतलं. फेकून नाही दिलं. तो साऱ्यांचं मरण आपल्या अंगावर घ्यायलेच आला होता म्हून. आम्हाले त्या दोन भेटींहून हीच जास्त जिवाले भिडते."

मी डब्याकडे पाहत राहिलो. मला तर नाटकातला डबा ठेववला नाही! खोट्या गोठ्यात, खोट्या ताऱ्याखाली. तिच्यापुढं तर सारं खरं होतं.

मग स्वयंपाकघराच्या दारात गिरजा दिसली. ती आत आली नाही. आधी तिनं माझ्या पायांकडे पाहिलं. मग मागे वळून पुढच्या दाराच्या उंबरठ्याकडे पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे, नेमकं नाकाच्या खाली.

"आले का आत?" ती म्हणाली.

रूथबाईंनी गंजाखालचं लाकूड मागं ओढलं. मी उभा होतो तो जावयाच्या घरात, अगदी चुलीपाशी, जिथं पाहुणेसुद्धा विचारून येतात. कोणी ओढून आणलं नव्हतं. कोणी बोलावलंही नव्हतं. राजा आपल्या पायानं, धावत आला होता!

"चहा घ्या जी," रूथबाई म्हणाल्या. "आता कायचं राहिलं?"

चहा घेतला. (चांगला होता. आलं घातलेलं.) मग डबा उचलला आणि परत चर्चात गेलो. लोक तसेच बसले होते. शेळी दाढी संपवून तणसाकडे वळली होती. सुनंदानं नातवाला उगी केलं होतं. ती माझ्याकडे पाहत होती, आता पदर नव्हता.

"बाबा, द्या तो डबा. मी घेते," ती म्हणाली.

"तुले समजते का त्यात काय हाय ते?"

"समजते ना. सकाळ-संध्याकाळ पिऊन राहिली. लय कडू हाय."

आता यापुढे राजा काय बोलणार? मान थोडी वाकवायची ठरली होती. पण गव्हाण खाली, लेकरू तिच्याहून खाली, आणि मला नाक जवळून पाहायचं होतं. मी गुडघे टेकले. डबा तणसावर ठेवला आणि वाकलो. तेवढ्यात नातवानं मूठ उघडली आणि माझी मिशी धरली!

तान्ह्या लेकराची मूठ सुटत नसते. ओढली तर लेकरू रडेल, नाही ओढली तर मान वर होत नाही. त्यात माझे दोन्ही गुडघे धरले गेले. पाळकसाहेबांना वाटलं म्हातारा भक्तीत बुडाला. त्यांनी मंडळींना खूण केली आणि गाणं सुरू झालं. गाण्याला कडवी पुष्कळ होती. सारी म्हटली. मी तसाच. गाणं संपल्यावर त्यांनी सगळ्यांना सांगितलं, की इतक्या वर्षांत असं नमन या चर्चात कोणी केलं नाही. बायका डोळे पुसत होत्या. गिरजाही पुसत होती, पण तिचे खांदे हलत होते, आणि ती काही रडत नव्हती.

शेवटी प्रकाश आणि पोस्टमन यांनी मला धरून खाली बसवलं. मांडी आपोआप घातली गेली. सुनंदानं नातवाला उचलून त्या मांडीवर ठेवलं. नाक पाहिलं. गिरजा खोटं बोलली नव्हती. माझंच होतं.

त्या रात्री आम्ही त्याच घरात राहिलो. आता उंबरठा एकदा ओलांडला काय आणि दहादा ओलांडला काय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जांभळीखाली बसलो आणि जावयाला म्हटलं, दाढीचं सामान आण. गिरजा म्हणाली, राहू द्या, सानगडीत कोणाला काय समजते? योहानभाऊ म्हणाले, आम्ही कोणाला सांगणार नाही. पण शब्द म्हणजे शब्द. मी स्वतःच्या हातानं मिशी उतरवली. आमच्याकडे मरणावर जाते ती मिशी, माझी जन्मावर गेली. नातवाला मांडीवर घेतलं तर त्यानं मूठ वर केली, चाचपली, काही सापडलं नाही, आणि सूर लावला.

निघताना योहानभाऊंनी सहज सांगितलं, की ते मागी लोक परत जाताना आल्या वाटेनं गेले नाहीत. देवानं स्वप्नात सावध केलं म्हणून दुसऱ्या वाटेनं आपल्या मुलखात गेले. मला स्वप्न पडलं नव्हतं, पण भाऊरावची टपरी डोळ्यांपुढे होतीच. गिरजा, नातवाला घेऊन सुनंदा आणि पिशवी घेऊन मी, असे निघालो. एस.टी.त शेजारचा माणूस माझ्या ओठाकडे पाहून हळूच म्हणाला, "कोण गेलं जी?" मी म्हटलं, "कोणी नाही गा, नातू झाला." तो उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसला.

सानगडीच्या एक थांबा आधीच उतरलो आणि तळ्याच्या पाळीनं चालायला लागलो. दुसरी वाट! आणि त्या पाळीवर, त्याच वेळी, टपरीची भांडी घासत कोण बसलं होतं? भाऊराव.

त्यानं सुनंदाला पाहिलं, लेकराला पाहिलं, तोंडभर हसला. मग माझ्याकडे पाहिलं आणि पाव्हण्याला करावा तसा अनोळखी रामराम केला. गिरजाला विचारलं, "वहिनी, महाराज नाही आले का?"

"नाही," गिरजा म्हणाली. "ते शहापूरलेच राहिले. हा लंगोट्यांची पिशवी धराले आणला."

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि पुढं चालायला लागलो. काही बोललो नाही. तिसऱ्या राजाला वाक्य नसते.